निवड आधीची, मग हाक कशाला?

भूमध्य समुद्रात गव्हाने भरलेलं एक जहाज वादळात सापडलं आहे. अलेक्झांड्रियाचं जहाज, इटलीकडे निघालेलं. वर खलाशी, रोमन शिपाई, कैदी, उतारू मिळून 276 माणसं. कितीतरी दिवस सूर्य दिसलेला नाही, रात्री तारे दिसलेले नाहीत. त्या काळी होकायंत्र नव्हतं, त्यामुळे आपण कुठे आहोत हे कळायचा मार्गच बंद. माल समुद्रात फेकून झालाय, लोकांच्या तोंडात घास जात नाही. अशा वेळी एक कैदी उभा राहतो. हा पौल, रोमच्या बादशहासमोर खटला चालवण्यासाठी त्याला नेत आहेत. तो सांगतो की काल रात्री देवाचा दूत माझ्यापाशी आला होता. जहाज जाईल, पण आपल्यापैकी एकाचाही जीव जाणार नाही.

मग चौदावी रात्र येते. मध्यरात्रीच्या सुमारास खलाशांना जमीन जवळ असल्याची चाहूल लागते. ते पाण्याची खोली मोजतात, तर वीस वाव. थोडं पुढे जाऊन मोजतात, तर पंधरा. खडकावर आदळू या भीतीने ते जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघत बसतात. त्याच अंधारात काही खलाशी पुढच्या बाजूनेही नांगर टाकायचं निमित्त करून होडी हळूच पाण्यात सोडू लागतात. बाकीच्यांना तिथेच टाकून पळून जायचा त्यांचा बेत असतो. पौलाच्या ते लक्षात येतं. तो शताधिपतीला आणि शिपायांना बजावतो की ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई तत्काळ होडीचे दोर कापून टाकतात.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात हे सारं आहे. मला त्यातली पौलाची दोन बोलणी शेजारी शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. एकाचाही जीव जाणार नाही, हे पहिलं. खलाशी राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही, हे दुसरं. वचन पक्कं होतं तर दोर कापायची गरज काय? आणि दोर कापण्यावर सगळं अवलंबून होतं तर वचन पक्कं कसं? पौलाच्या मनात मात्र या दोन्हींत कुठे काही अडल्याची खूण नाही. शेवटी जहाज फुटलं, पोहता येणारे पोहले, बाकीचे फळ्यांना धरून आले, आणि सगळेच्या सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागले.

त्या रात्री जो प्रश्न 276 जिवांबद्दल होता, तोच ख्रिस्ती माणसाने गेली सोळाशे वर्षं आपल्या आत्म्याबद्दल विचारला आहे. माझं तारण होणार की नाही हे देवाने आधीच ठरवलेलं आहे का? ठरवलेलं असेल तर माझ्या पश्चात्तापाला, माझ्या विश्वासाला, मी दिलेल्या होकाराला काय अर्थ? आणि ठरवलेलं नसेल, सगळं माझ्या होकारावर टांगलेलं असेल, तर तारणारा कोण, देव की मी?

प्रश्न पुस्तकी वाटतो, पण त्याने तुरुंग भरले, जिवलग मित्र दुरावले, देश ढवळून निघाले. आणि मराठीचं एक जुनं छापील व्याकरण ज्या माणसाच्या हातून झालं, तो घराबाहेर पडला तोही याच प्रश्नाची गाठ सुटल्यावर. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी थक्क झालो, आणि अजूनही तितकाच थक्क होतो.

वादाचं बी खुद्द पवित्र शास्त्रातच आहे. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात पौल याकोब आणि एसाव या जुळ्यांची गोष्ट काढतो. दोघं आईच्या पोटात होते, बरंवाईट काही केलेलं नव्हतं, तेव्हाच देवाने एकाला निवडलं. पुढे तो कुंभार आणि माती यांचा दाखला देतो. मातीने कुंभाराला जाब विचारायचा नसतो. हे वाचल्यावर निवड संपूर्ण देवाची, यात शंका उरत नाही. मग पानं उलटावीत. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात देवाला सर्वच माणसांचं तारण व्हावंसं वाटतं. यहेज्केलाच्या पुस्तकात दुर्जनाच्या मरणाने देवाला आनंद होत नाही, त्याने मागे फिरावं असं वाटतं. आणि येशू स्वतः यरुशलेमकडे पाहून कळवळतो की कोंबडी पिलांना पंखाखाली घेते तसं मी तुम्हाला घेऊ पाहत होतो, पण तुम्हीच आला नाहीत.

सगळ्यात विलक्षण जागा निर्गमाच्या पुस्तकात आहे. इजिप्तवर गारांची पीडा येते. फारो घाबरून मोशेला बोलावतो, चूक कबूल करतो, गारा थांबतात. थांबल्याबरोबर त्याचं मन पुन्हा कठीण होतं, आणि शास्त्र सांगतं की ते त्याने स्वतः कठीण केलं, हे त्याचं पाप. नववा अध्याय इथे संपतो. दहावा उघडतो तोच देव मोशेला सांगतो की फारोचं मन मीच कठीण केलं आहे. मधे दुसरी घटना नाही, दुसरा दिवस नाही. तेच मन, तोच हट्ट, आणि कर्ते दोन. लिहिणाऱ्याला ही विसंगती दिसली नसेल असं मला वाटत नाही. त्याला दोन्ही सांगायचं होतं.

या दोन कर्त्यांना एका चौकटीत बसवायचा पहिला मोठा प्रयत्न उत्तर आफ्रिकेत झाला. हिप्पो नावाचं बंदर, आजच्या अल्जेरियातलं अन्नाबा. तिथला बिशप ऑगस्टीन (354-430). तरुणपणी त्याने स्वतःला पुरतं ओळखलं होतं. आयुष्य बदलायची त्याची इच्छा होती आणि ते त्याला बदलता येत नव्हतं. 386 मध्ये मिलानमधल्या एका बागेत तो अक्षरशः रडला, कारण हात हलवायचा म्हटला की हलतो, पण मन वळवायचं म्हटलं की वळत नाही. त्यानंतर जे घडलं ते आपल्या जोरावर घडलं असं त्याला कधीच म्हणता आलं नाही. म्हणून आपल्या आत्मचरित्रात त्याने देवाला अशी विनवणी केली की तू जी आज्ञा देतोस ती पाळायची ताकदही तूच दे.

रोममध्ये ही विनवणी कुणीतरी वाचून दाखवली आणि पेलागियस नावाचा ब्रिटनचा साधू खवळला. पेलागियसला इतिहासाने खलनायक केलं, पण त्याचं दुखणं समजून घेण्यासारखं आहे. भोवती श्रीमंत, सुस्त, नावापुरते ख्रिस्ती झालेले रोमन लोक होते. देवाने ताकद दिली तर सुधारू असं म्हणायची सोय यांना करून दिली, तर कुणी कशाला सुधारेल? देव आज्ञा देतो म्हणजे ती पाळायची कुवत माणसात असलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. 410 मध्ये रोम लुटलं गेलं, माणसं आफ्रिकेत पळाली, आणि त्यांच्याबरोबर हा वादही समुद्रापार गेला. 418 मध्ये कार्थेजच्या सभेने पेलागियसची मतं नाकारली.

मला या सगळ्यात आवडतो तो हाद्रुमेतुमच्या मठातला गोंधळ. आजच्या ट्युनिशियातलं सूस ते हेच. 427 च्या सुमारास तिथल्या साधूंच्या हाती ऑगस्टीनचं लिखाण पडलं आणि काहींनी त्यातून सरळ निष्कर्ष काढला: सगळं कृपेनेच होत असेल तर आमचं चुकलं म्हणून वरिष्ठांनी आम्हाला रागवायचं नाही, फक्त आमच्यासाठी प्रार्थना करायची. म्हाताऱ्या ऑगस्टीनने हा प्रश्न थट्टेवारी नेला नाही. त्यासाठी त्याने दोन ग्रंथ लिहिले. त्याचं उत्तर असं की रागवणं हेही कृपेचं एक हत्यार असू शकतं. देव वळवतो तो वाऱ्यातून नाही, माणसाच्या तोंडून, कानातून, शरमेतून वळवतो. जहाजावरचे दोर आठवावेत. वाचवायचं ठरलं होतं, आणि ते शिपायांच्या तलवारींनीच व्हायचं ठरलं होतं.

मधली हजार वर्षं मी भरभर ओलांडतो. फक्त गॉट्शाल्क या नवव्या शतकातल्या साधूपाशी थांबायला हवं. देवाने काहींना जीवनासाठी आणि काहींना शिक्षेसाठी नेमलंय, असं तो उघड सांगू लागला. 849 मध्ये त्याला फटके मारून स्वतःची कागदपत्रं स्वतःच्या हाताने आगीत टाकायला लावली. उरलेलं आयुष्य त्याने मठातल्या कैदेत काढलं, पण मत बदललं नाही.

सोळाव्या शतकात ल्यूथर आणि इरॅस्मस या प्रश्नावर भिडले, आणि मग आला जिनिव्हाचा जॉन कॅल्व्हिन. आज निवडीचा सिद्धांत म्हटलं की त्याचंच नाव पुढे येतं. पण त्याने आपल्या मुख्य ग्रंथाच्या 1559 च्या अखेरच्या आवृत्तीत हा विषय सुरुवातीला घेतलेलाच नाही. तो येतो तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे, प्रार्थनेवरच्या लांबलचक प्रकरणानंतर. आधी विश्वास, पश्चात्ताप, प्रार्थना, आणि मग मागे वळून पाहणं, की हे सगळं माझ्याकडे आलं कुठून? आणि तिथेही तो वाचकाला आधी सावध करतो: नुसत्या कुतूहलाने इथे शिराल तर चक्रव्यूहात सापडाल, बाहेर पडायची वाट मिळणार नाही. कॅल्व्हिनच्या नावाने पुढे जे कोरडे, गणिती सिद्धांत मांडले गेले, त्यांना ही मांडणी समोर ठेवून वाचायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

आता 1588 ते 1619 हा काळ. या तीस वर्षांत हाच प्रश्न युरोपात दोन ठिकाणी, दोन पंथांत, एकाच वेळी पेटला, आणि दोन्हीकडे शेवट वेगळा झाला.

कॅथलिक बाजूला लुईस दे मोलिना नावाच्या स्पॅनिश जेझुइटाने 1588 मध्ये एक अचाट कल्पना मांडली. अमुक माणूस अमुक परिस्थितीत, अमुक कृपा मिळाल्यावर, आपल्या मोकळ्या इच्छेने काय करील हे देवाला जग निर्माण करण्याआधीच ठाऊक असतं. सगळी शक्य जगं, त्यांतली सगळी माणसं, त्यांचे सगळे होकार-नकार. त्यांतून देव एक जग निवडतो. म्हणजे निवड देवाची राहिली आणि होकार माणसाचाही राहिला. डॉमिनिकन पंडितांना हे पटेना. त्यांचं म्हणणं असं की मग देव माणसाच्या निर्णयांचा नुसता जाणकार उरतो. खरी कृपा इच्छेच्या आत शिरून तिला हलवते, आणि तरी ती इच्छा मोकळीच असते. वाद इतका चिघळला की रोममध्ये खास मंडळ बसलं, दोन पोपांच्या समोर जवळपास दहा वर्षं युक्तिवाद चालले. 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल दिला तो असा: दोन्ही बाजूंनी आपापलं मत शिकवावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये, योग्य वेळी निर्णय कळवला जाईल. तो निर्णय आजतागायत कळवला गेलेला नाही.

प्रॉटेस्टंट बाजूला, हॉलंडमध्ये, इतका धीर कुणाला धरवला नाही.

याकोबस आर्मिनियस हा लहानपणीच बापाविना झालेला, अउदवाटर गावचा मुलगा. तो शिकायला बाहेर असताना 1575 मध्ये स्पॅनिश फौजेने ते गाव कापून काढलं, त्यात त्याच्या घरची माणसं गेली. पुढे तो जिनिव्हात कॅल्व्हिनचा उत्तराधिकारी बेझा याच्या हाताखाली शिकला आणि अॅमस्टरडॅममध्ये पाळक झाला. प्लेगच्या साथीत तो आजाऱ्यांच्या घरी जात असे. मरायला टेकलेली माणसं त्याला काय विचारत असतील, याची कल्पना करता येते. मी निवडलेल्यांत आहे का? त्याला दोन रोग दिसत होते. एक हताशपणा: आपण यादीत नाही, मग काय उपयोग? दुसरा बेफिकिरी: आपण यादीत आहोत, मग काय फरक पडतो? तो म्हणू लागला की देवाने निवडलं ते ख्रिस्ताला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना. कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीपासून दिसतं. कृपेशिवाय माणूस एक पाऊलही टाकू शकत नाही, पण आलेली कृपा तो नाकारू शकतो. 1603 पासून लायडनच्या विद्यापीठात त्याची आणि गोमारुस या सहकाऱ्याची खडाजंगी चालू राहिली. 1609 मध्ये आर्मिनियस वारला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या चाळीसहून अधिक अनुयायी पाळकांनी पाच कलमांचं निवेदन सरकारकडे दिलं.

त्याचं उत्तर द्यायला नोव्हेंबर 1618 मध्ये दॉर्दरेख्त शहरात धर्मसभा भरली. इंग्लंड, जर्मन संस्थानं, स्वित्झर्लंड अशा ठिकाणांहून प्रतिनिधी आले. फ्रान्सच्या राजाने आपल्या लोकांना येऊ दिलं नाही, म्हणून त्यांचं बाक सभेत रिकामं ठेवलं. कामकाज लॅटिनमध्ये. आर्मिनियसच्या बाजूचे लोक सभासद म्हणून नव्हे, तर जाब द्यायला बोलावलेले म्हणून मधल्या मेजाशी बसले, आणि जानेवारीत अध्यक्षांनी त्यांना संतापून बाहेर काढलं. मे 1619 मध्ये सभा संपली. पाच कलमांना उत्तर म्हणून तयार झालेले निर्णय आजही कॅल्व्हिनवादाचे पाच मुद्दे म्हणून ओळखले जातात. सुमारे 200 पाळकांची कामं गेली. परदेशी पाहुण्यांचा निरोप होऊन चार दिवस झाले, आणि 13 मे रोजी हेगमध्ये योहान व्हान ओल्डेनबार्नेव्हेल्ट या 71 वर्षांच्या मुत्सद्द्याचा शिरच्छेद झाला. आर्मिनियसवाद्यांना त्याचा आधार होता. खरं राजकारण स्पेनशी तह, प्रांतांचे हक्क आणि सैन्यावर हुकूम कुणाचा याचं होतं, आरोप राजद्रोहाचा होता. पण ईश्वरी निवडीचा वाद त्यात मिसळला नसता तर ते इतकं विषारी झालं नसतं. त्याचा सहकारी ह्यूगो ग्रोशियस याला जन्मठेप झाली. किल्ल्यातल्या कैदेत त्याला वाचायला पुस्तकांची पेटी येई-जाई. 1621 मध्ये त्याच्या बायकोने त्याच पेटीत त्याला झोपवून बाहेर धाडलं. आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून जग ज्याला ओळखतं तो हाच.

एवढं झाल्यावर सभेचे निर्णय निष्ठुर असतील असं कुणालाही वाटेल. मीही तेच धरून वाचायला बसलो होतो. पण त्यांत म्हटलंय की ख्रिस्ताच्या मरणाची किंमत साऱ्या जगाच्या पापांना पुरून उरेल इतकी आहे. सुवार्ता कुठलाही भेद न करता सर्व लोकांना सांगितली पाहिजे. कृपा माणसाला लाकडाचा ओंडका समजून ढकलत नाही. ती त्याच्या इच्छेला जिवंत करते, बरी करते, वळवते. आणि एक कलम तान्ह्या मुलांच्या मृत्यूबद्दल आहे: विश्वासू आईबापांनी आपल्या गेलेल्या मुलांच्या तारणाबद्दल शंका घेऊ नये. ज्या काळात घराघरात पाळणा रिकामा होत होता, त्या काळातली ही ओळ आहे. म्हणजे प्लेगच्या घरात जाणारा आर्मिनियस आणि त्याला खोडून काढणारे पंडित, दोघंही शेवटी मरणाच्या उशाशीच बसलेले होते.

दोन्ही बाजू नीट वाचल्या की ध्यानात येतं की भांडण वाटतं त्यापेक्षा फार अरुंद जागेवर आहे. पुण्याईने स्वर्ग मिळतो असं आर्मिनियस म्हणत नाही. माणूस बाहुली आहे असं कॅल्व्हिन म्हणत नाही. पहिलं पाऊल देवाचं, हे दोघांनाही मान्य. तंटा एवढाच: देवाने पुढे केलेला हात माणसाला झिडकारता येतो का? आपल्याकडच्या श्रीवैष्णवांनाही नेमकी हीच जागा सापडली होती. तेराव्या-चौदाव्या शतकात तमिळ मुलखात पिळ्ळै लोकाचार्य आणि वेदान्तदेशिक यांच्या परंपरांत असा भेद पडला की जीवाला देव मांजरीसारखा मानेला धरून उचलून नेतो, की माकडिणीच्या पोराप्रमाणे पोरानेही आईला घट्ट धरावं लागतं? ख्रिस्ती आणि श्रीवैष्णव या दोन परंपरांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. जिथे जिथे माणसाने देवाची दया मनापासून मानली, तिथे हा प्रश्न आपोआप उगवला असावा.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये तो मित्रांमध्ये उगवला. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे ऑक्सफर्डपासूनचे सोबती. दोघं उघड्या मैदानावर कोळशाच्या खाणीतल्या मजुरांना उपदेश करत. 1739 मध्ये वेस्लीने ब्रिस्टलला निवडीच्या सिद्धांताविरुद्ध जहाल प्रवचन दिलं आणि छापलं. व्हाइटफील्डने अमेरिकेतून उत्तर लिहिलं. चळवळ दुभंगली. वेस्लीची शिकवण अशी की प्रत्येक माणसाकडे देवाची कृपा आधीच येऊन पोचलेली असते. तिच्यामुळेच होकार देणं त्याला शक्य होतं. दोघांत पुढे प्रेम परतलं, मत मात्र कुणीच सोडलं नाही. 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्याच इच्छेनुसार लंडनमधलं श्रद्धांजलीचं प्रवचन वेस्लीने दिलं.

त्याच वेस्लीला 1784 मध्ये केंब्रिजचा चार्ल्स सिमियन हा तरुण पाळक भेटला. वेस्ली ऐंशी उलटलेला, सिमियन पंचविशीचा आणि कॅल्व्हिनच्या बाजूचा. भांडण सुरू करण्याआधी त्याने परवानगी मागून काही प्रश्न विचारले. देवाने आधी मनात घातलं नसतं तर आपण त्याच्याकडे वळला असता का? नाही. स्वतःच्या कर्मांवर भरवसा आहे का? नाही, फक्त ख्रिस्तावर. ख्रिस्ताने एकदा तारल्यावर पुढे स्वतःला स्वतःच सांभाळायचं का? नाही. मग आईच्या कडेवरच्या मुलासारखं देवानेच तासातासाला सांभाळायचं? होय, पूर्णपणे. त्यावर सिमियन म्हणाला की माझा कॅल्व्हिनवाद एवढाच आहे, तलवार म्यान करायला माझी हरकत नाही. हा संवाद त्यानेच नंतर लिहून ठेवला. पंडिती कसोटीवर हा तोडगा टिकत नाही, कारण कृपा नाकारता येते का हा खरा प्रश्न सिमियनने विचारलाच नाही. तरी दोघांची प्रार्थना एकच होती, एवढं त्यातून उघड झालं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

याच सुमारास इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात लहान लहान बॅप्टिस्ट मंडळ्या होत्या. त्यांच्यातल्या काही पाळकांनी निवडीचा सिद्धांत टोकाला नेला होता. निवडलेले नसतील त्यांना विश्वास ठेवता येणारच नाही. मग जे करता येणार नाही ते करायला सांगायचं कसं? म्हणून प्रवचनात ख्रिस्ताचं वर्णन करायचं, पण समोर बसलेल्यांना या म्हणायचं नाही. अँड्रू फुलर हा मुलगा अशाच प्रवचनांत वाढला. ख्रिस्ताकडे जायचा आपल्याला अधिकारच नाही असं त्याला वाटे. त्याला धीर दिला एस्तेर राणीने. बोलावणं नसताना राजापुढे जाणं म्हणजे मरण, तरी जीव गेला तर गेला म्हणून ती गेली. पंधराव्या-सोळाव्या वर्षी फुलरही तसाच गेला.

पुढे पाळक झाल्यावर त्याने गाठ सोडवली ती जोनाथन एडवर्ड्स या अमेरिकन विचारवंताच्या मदतीने. येऊ न शकण्याचे दोन प्रकार असतात. एकाचा पाय मोडलाय, तो भावाच्या घरी जाऊ शकत नाही. दुसऱ्याचे पाय धड आहेत, पण मनात इतकं वैर आहे की भावाच्या दारात त्याच्याने पाऊल टाकवत नाही. अडखळलेले दोघंही. पण पहिल्याला बोलावणं हा जुलूम आहे, दुसऱ्याला बोलावलंच पाहिजे. देवाकडे न येणारा माणूस दुसऱ्या जातीचा, असं एडवर्ड्स आणि फुलर म्हणतात. म्हणून मन वळायला कृपाच लागेल हेही खरं, आणि सगळ्यांना मोकळ्या गळ्याने बोलवायचं हेही खरं. 1785 मध्ये फुलरचं पुस्तक निघालं. निवडीवरचा विश्वास त्याने तसूभरही सोडला नाही. दार मात्र उघडलं.

त्या दारातून बाहेर पडला फुलरचा दोस्त, जोडे शिवणारा विल्यम कॅरी. 1792 मध्ये त्याने एक लहान पुस्तक छापलं. सुवार्ता सगळ्या राष्ट्रांना सांगायची आज्ञा आजही लागू आहे असं त्यात मांडलेलं, आणि सोबत देशोदेशींची लांबी-रुंदी, लोकसंख्या, धर्म यांचे तक्ते. चर्मकाराच्या दुकानात बसून केलेले. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला केटरिंगमध्ये संस्था स्थापन झाली, 1793 मध्ये कॅरी बंगालला पोचला. पाच वर्षांचा मुलगा तिथे दगावला, बायकोच्या मनावर परिणाम झाला, आणि बंगाली माणसांपैकी कुणी बाप्तिस्मा घ्यायला सात वर्षं लागली. 28 डिसेंबर 1800 रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला कृष्ण पाल या सुताराने तो घेतला.

सात वर्षं हा माणूस टिकला कसा? त्याच्या पत्रांतून एक सूर सतत येतो: माझ्या कामावर नाही, देवाच्या वचनावर माझी भिस्त आहे. पौल करिंथला घाबरून गेलेला असताना प्रभूने त्याला दृष्टान्तात सांगितलं होतं की बोलत राहा, गप्प बसू नकोस, कारण या नगरात माझे लोक पुष्कळ आहेत. ते लोक अजून विश्वासात आलेले नव्हते. नुसते निवडलेले होते. पौल तिथे दीड वर्ष राहिला. ज्या सिद्धांताने नॉर्थॅम्प्टनशायरच्या पाळकांची हाक घशात अडकवली होती, तोच सिद्धांत बंगालमध्ये कॅरीला हाक मारत ठेवत होता.

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागला. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने 1805 मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचं व्याकरण बाहेर पडलं, 1810 मध्ये मोडी टाइपात शब्द छापलेला कोश आला, आणि बायबलचं मराठी भाषांतरही तिथूनच निघालं. महाराष्ट्रात मात्र त्या वादाच्या दोन्ही शाखा येऊन रुजल्या. 1813 मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे न्यू इंग्लंडच्या कॅल्व्हिनवादी मुशीतले. 1829 मध्ये आलेले जॉन विल्सन स्कॉटलंडच्या. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत मेथडिस्ट काम सुरू करणारे विल्यम टेलर वेस्लीच्या वाटेचे. 1970 मध्ये अनेक पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा आल्या, बॅप्टिस्टही आले. मेथडिस्टांची मोठी शाखा वेगळी राहिली. पण या सगळ्या मंडळ्यांत आज प्रवचन संपताना पाळक समोरच्यांना येशूकडे या असंच म्हणतात, आणि लगेच डोळे मिटून, यांची मनं तूच उघड, अशी देवाला विनंती करतात.